आपला माणूस आणि त्यांची शाई

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मला मत नाही. तुम्हालाही नाही. तरी २०१७ च्या जून-जुलैत आमच्या टोळीत या निवडणुकीवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी त्याच वर्षी फेब्रुवारीत झालेल्या महापालिकेच्या इलेक्शनलाही झाली नव्हती. महापालिकेला आम्ही मत टाकलं आणि विसरलो. इथं मतच नव्हतं, म्हणून की काय, तोंडं जोरात चालली.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन गोदीत लागलेलो. एकोणीस वर्षांचा. कंत्राटावर, रोजंदारीवर, गळ्यात पास. लोखंडाच्या कॉइल उतरायच्या, स्लिंग लावायचा, बाजूला व्हायचं. पाऊस पडत होता आणि जहाजाचं झाकण बंद होतं. पावसात माल उघडा टाकत नाहीत, माणूस टाकतात. आम्ही शेडच्या कडेला डबे उघडून बसलेलो. १९ जूनला भाजपने रामनाथ कोविंद यांचं नाव जाहीर केलं, आणि दुसऱ्या दिवशी टोळीतले सगळ्यात जुने, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते डब्यातली भाकरी हातात तशीच धरून म्हणाले, "आपला मानूस बसतोय रं दिल्लीला."

टोळीत कानपूरकडचा एक भैया होता. तो तर उभाच राहिला. "हमारे जिले का है. कोरी है, कोरी." त्या दिवशी त्यानं सगळ्यांना चहा पाजला. दीडशे रुपये गेले असतील त्याचे. मला त्याची चेष्टा करावीशी वाटली नाही, आजही वाटत नाही. ज्याच्या जातीचं नाव आयुष्यभर शिवीसारखं ऐकू आलं, त्याला ते नाव टीव्हीवर अदबीनं घेतलेलं ऐकायला मिळतं, तर त्यानं चहा का पाजू नये?

तीन दिवसांनी विरोधकांनी मीरा कुमार यांना उभं केलं. आता आमची टोळी फुटली. रात्रकॉलेजात बी. ए. करणारा एक दादा आमच्यात होता. तो म्हणाला, "मामा, कोविंद भाजपच्या अनुसूचित जाती मोर्चाचे अध्यक्ष होते. उन्यात गेल्या वर्षी पोरांना गाडीला बांधून फोडलं, तेव्हा हे बिहारच्या राजभवनात. मे महिन्यात सहारनपूरजवळ शब्बीरपूरला घरं जाळली. भीम आर्मीचा चंद्रशेखर आझाद आत आहे. बोलले का काही?"

मामा म्हणाले, "आन् तुझी मीरा कुमार? जगजीवनबाबूंची लेक. बाप वर्षानुवर्षं काँग्रेसच्या मांडवाखाली. काँग्रेसनं ५२ ला बाबासाहेबांना मुंबईत पाडलं, ते कुनाला उभं करून? काजरोळकरांना. त्योबी अस्पृश्यातलाच व्हता की. आपल्यावर आपलाच सोडायचा, ही त्यांची जुनी खोड हाय."

दादा म्हणाला, "मग आता भाजप काय वेगळं करतंय?"

मामा गप्प. मग म्हणाले, "काय न्हाई. फकस्त आता दोन्हीकडून आपलेच हायेत. येवढी तर सुधारना झाली."

सगळे हसले. पण मामांनी हसत हसत जे सांगितलं ते त्या महिन्यात कुठल्याच पेपरात मी वाचलं नाही. पेपरवाले लिहीत होते की भारतीय लोकशाही किती प्रगल्भ झाली, दोन्ही उमेदवार दलित. मीरा कुमार सांगत होत्या ही विचारांची लढाई आहे, आणि प्रचार सुरू केला साबरमती आश्रमातून. गांधींच्या दारातून! दलित उमेदवाराला दलित म्हणून उभं करायचं आणि पहिलं पाऊल तिथं टाकायला लावायचं. १९३२ विसरलेली माणसंच असं करू शकतात. किंवा चांगलं आठवणारी.

मी नवखा. मी एवढंच विचारलं, "मामा, मत कुठल्या शाळेत टाकायचं?"

त्यावर जे हसू झालं ते अजून माझ्या कानात आहे. पण त्या हसण्यातूनच मी शोधायला लागलो की हे मत नक्की कोण टाकतं, आणि किती वजनाचं. तुम्हाला सांगतो, कारण आपल्यातल्या शिकलेल्या पोरांनाही मी हे विचारून बघितलंय.

२०१७ ला या निवडणुकीचे मतदार होते ४,८९६. संपूर्ण देशात. ७७६ खासदार आणि ४,१२० आमदार. तेही फक्त निवडून आलेले, नेमलेले नाहीत. एका खासदाराच्या मताचं मूल्य तेव्हा ७०८. आमदाराचं मूल्य राज्याप्रमाणे बदलतं. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८, महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५, सिक्कीमच्या आमदाराचं ७. हे कसं काढतात? राज्याची लोकसंख्या घ्यायची, आमदारांच्या संख्येनं भागायची, परत हजारानं भागायची. आणि लोकसंख्या कुठली? १९७१ ची. घटनादुरुस्तीनं ती तिथंच खिळवून ठेवली आहे, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत.

१९७१ साली महाराष्ट्रात पाच कोटी चार लाख माणसं होती. त्यात माझा आज्जा आहे. तो त्या वेळी गावकुसाबाहेर होता, दुसऱ्या वर्षी दुष्काळात मुंबईला आला. माझा बाप १९७३ चा. मी १९९८ चा. म्हणजे आमदार तिथं जाऊन जे १७५ वजनाचं मत टाकतो, त्या वजनात माझा मेलेला आज्जा आहे, पण ओझं उचलणारा माझा बाप नाही आणि मी नाही. मी यावर कविता लिहायला घेतली होती. झाली नाही. आकडे कवितेत बसेनात.

१७ जुलैला मतदान झालं. त्या वर्षी निवडणूक आयोगानं मतदारांना आपला स्वतःचा पेन आत नेऊ दिला नाही. जांभळ्या शाईचा एक खास पेन दिला, त्यानंच पसंतीचा क्रमांक लिहायचा. दोन दलितांतून कोणता, हे लिहायची शाईसुद्धा सरकारनं पुरवली. आणि दुसऱ्याच दिवशी, १८ जुलैला, मायावती राज्यसभेतून बाहेर पडल्या. सहारनपूरच्या अत्याचारावर आपल्याला बोलू देत नाहीत म्हणून त्यांनी राजीनामा दिला. मायावतींवर माझे आक्षेप आहेत, पुष्कळ आहेत, परत कधी लिहीन. पण हे दोन दिवस शेजारी शेजारी ठेवून बघा. आदल्या दिवशी त्याच संसदेत दोन दलितांपैकी एकाला राष्ट्रपती करण्यासाठी मतं पडली. दुसऱ्या दिवशी दलितांच्या जळलेल्या घरांविषयी बोलायला त्याच संसदेत वेळ मिळेना.

२० तारखेला निकाल लागला. कोविंद ७,०२,०४४, मीरा कुमार ३,६७,३१४. मामांनी पेढे आणले. दादानं खाल्ला नाही. मी खाल्ला. भूक लागली होती.

आता एक गोदीतली गोष्ट सांगतो, कारण राष्ट्रपती म्हणजे काय हे मला पुस्तकातून नंतर कळलं, आधी ते गोदीत कळलं.

पुढच्याच वर्षी आमच्या टोळीचा मुकादम बदलला. कंत्राटदारानं आपल्यातलाच एक मुकादम केला. जयभीमवाला. चांगला माणूस होता, आजही आहे. पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला लाडू वाटले आणि म्हणाला, "आता आपलं राज्य आलं समजा." आम्ही त्याला खांद्यावर घेतलं होतं, खरंच सांगतो.

चार महिन्यांनी एक स्लिंग सरकला. टोळीतल्या एकाच्या पायावर कॉइल आली. पंजा गेला. भरपाईचा विषय निघाला तेव्हा हजेरीच्या रजिस्टरात तो माणूस त्या दिवशी गैरहजर निघाला. खाली सही होती आपल्या मुकादमाची. आम्ही त्याला शेडमागे घेरलं. तो रडायला लागला. "सही माझी हाय. हुकूम वरचा हाय. मी नसती केली तर दुसऱ्यानं केली असती, आन् मी घरी बसलो असतो."

त्याला मारायला उठलेले दोघं खाली बसले. कारण तो खोटं बोलत नव्हता.

मग मी वाचायला लागलो. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं की आपला राष्ट्रपती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षासारखा नाही, तो राज्याचा प्रमुख आहे, कारभाराचा नाही. राष्ट्राचे निर्णय ज्यानं उमटतात त्या शिक्क्यासारखं त्याचं स्थान. त्याच वर्षी डिसेंबरात के. टी. शहांनी दुरुस्ती आणली की राष्ट्रपती सगळ्या प्रौढ मतदारांनी थेट निवडावा. बाबासाहेबांनी विरोध केला. ज्याच्या हातात कारभारच नाही त्याच्यासाठी एवढा मोठा देश मतदानाला का उभा करायचा, असा त्यांचा सवाल होता. आणि १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं तर कलम ७४ मध्ये लिहूनच टाकलं की राष्ट्रपतीनं मंत्रिमंडळाच्या सल्ल्याप्रमाणे वागलंच पाहिजे. दोन वर्षांनी ४४ व्या दुरुस्तीनं एवढी सूट दिली की सल्ला एकदा फेरविचाराला परत पाठवता येईल. एकदा.

सही माझी, हुकूम वरचा.

इथं थांबलो असतो तर सोपं होतं. राष्ट्रपती रबरी शिक्का, कोणीही बसो, आपल्याला काय? दादा हेच म्हणतो. मी त्याच्याशी सहमत नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण कागदाचं. अनुसूचित जाती कोण, हे कलम ३४१ खाली राष्ट्रपतीच्या आदेशानं ठरतं. १० ऑगस्ट १९५० ला तो आदेश निघाला. त्यात लिहिलं की हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा धरायचा नाही. म्हणजे १९५६ ला बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेऊन आपली माणसं माणसात आली आणि त्या एका कलमानं केंद्राच्या यादीतून बाहेर पडली. शीखांचा समावेश १९५६ लाच झाला. बौद्धांचा व्हायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं! एका पिढीची नोकरी, एका पिढीचं कॉलेज त्या शिक्क्याखाली दबलं. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेले आपले भाऊ आजही त्याच कलमाबाहेर उभे आहेत. तेव्हा शिक्का म्हणजे काहीच नाही असं मला कुणी सांगू नये. शिक्का आपल्या पाठीवर उमटलेला आहे.

दुसरं कारण माझ्या मावशीचं. ती घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात राहायची. ११ जुलै १९९७. पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक हायवेवर आले, राज्य राखीव दलानं गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. आणि दोस्तहो, तीन दिवसांनी, १४ जुलैला, राष्ट्रपतीपदाचं मतदान होतं! उमेदवार के. आर. नारायणन. या देशाचा पहिला दलित राष्ट्रपती ज्या दिवशी निवडला जात होता, त्या दिवशी रमाबाई नगरात सुतक होतं. त्याच आठवड्यात शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. सरकार शिवसेना-भाजपचं होतं. शिवसेनेनं राष्ट्रपतीपदासाठी टी. एन. शेषन यांना पाठिंबा दिला होता, भाजप नारायणन यांच्या बाजूला होती. म्हणजे गोळीबार करणाऱ्या सरकारातला एक पक्ष दलित उमेदवाराच्या विरोधात आणि दुसरा त्याच्या बाजूनं. आता सांगा, उमेदवाराची जात बघून पक्षाची नीती कशी ओळखायची? नारायणन यांना ९,५६,२९० मतमूल्य, शेषन यांना ५०,६३१. जवळजवळ सगळा देश दलिताच्या बाजूनं. कागदावर.

मावशी सांगते, २५ जुलैला शपथविधी टीव्हीवर होता. गल्लीत एकाच घरात टीव्ही लावला. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी टीव्ही बंदही केला नाही. "बरं वाटलं का गं तुला?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "वाटलं. आन् मंग वाटल्याची लाज वाटली." एवढंच बोलून ती भांडी घासायला बसली.

पण हेच नारायणन पुढे काय वागले तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी अर्धवट बोललो असं होईल. ऑक्टोबर १९९७ ला उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस गुजराल सरकारनं पाठवली. यांनी परत पाठवली. सप्टेंबर १९९८ ला बिहारची शिफारस वाजपेयी सरकारकडून आली. तीही परत पाठवली. न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या फाइलवर त्यांनी लिहिलं की दलित-आदिवासींचाही विचार करा. २००० साली संविधानाचा फेरविचार करायची टूम निघाली, तेव्हा सेंट्रल हॉलमध्ये उभं राहून त्यांनी विचारलं की संविधानानं आपल्याला दगा दिला की आपण संविधानाला? म्हणजे एकदा परत पाठवायची जी ताकद आहे, ती वापरता येते. आमच्या मुकादमालाही रजिस्टर एकदा परत पाठवता आलं असतं. मी त्याला हे नंतर बोललो. तो म्हणाला, "नारायणन साहेबांना घरी कोन बसवनार होतं रे?" बरोबर आहे त्याचं. त्याला उत्तर मी देऊ शकलो नाही.

२०२२ ला परत तेच झालं. द्रौपदी मुर्मू आणि यशवंत सिन्हा. या वेळी आदिवासी बाई. टोळीत परत चहा, परत भांडण, फक्त मामा रिटायर झालेले. मुर्मू ६,७६,८०३ मतमूल्यानं निवडून आल्या. पुढच्या वर्षी २८ मे २०२३ ला नव्या संसद भवनाचं उद्‌घाटन पंतप्रधानांनी केलं. राष्ट्रपती तिथं नव्हत्या, त्यांचा संदेश वाचून दाखवला. ज्या संसदेचा राष्ट्रपती हा घटनेप्रमाणे एक भाग आहे, त्या संसदेच्या दारात! १९७२ च्या 'साधना'त राजा ढाले यांनी झेंड्याच्या अपमानाची शिक्षा आणि दलित बाईच्या विटंबनेची शिक्षा शेजारी शेजारी ठेवली होती, तेव्हा केवढा गदारोळ झाला. प्रतीकाला किती जपतात, माणसाला किती, हे ते विचारत होते. आता प्रतीक म्हणून माणूसच बसवतात. आणि वेळ आली की प्रतीकालाही बोलावत नाहीत.

मला विचाराल तर आपल्या वादाची जागा चुकली आहे. कोविंद की मीरा कुमार, मुर्मू की सिन्हा, हा वाद त्यांनी पंगतीत वाढून दिलेला आहे. आपण पत्रावळीवरच भांडतो. स्वयंपाक कुणी केला हे विचारत नाही. १९३२ च्या निवाड्यात आपल्याला दोन मतं मिळायची होती. एक सर्वांबरोबर, एक आपला माणूस आपणच निवडायचं. पुणे कराराने जागा ७१ च्या १४८ झाल्या आणि दुसरं मत गेलं. तेव्हापासून आपला माणूस निवडतात ते. राष्ट्रपतीपद हे त्याच कराराचं सगळ्यात उंच टोक आहे, एवढंच.

पण ते मत कुठं गेलं हे शोधता येतं. महाराष्ट्राच्या विधानसभेत अनुसूचित जातींच्या २९ राखीव जागा आहेत आणि जमातींच्या २५. चोपन्न आमदार, प्रत्येकी १७५. लोकसभेत ८४ आणि ४७, मिळून १३१ खासदार. हे आपल्या नावावर तिथं गेलेत. आणि या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही! मत गुप्त असतं. जांभळा पेन हातात असताना तो आमदार आयुष्यात एकदाच कुणाचा नोकर नसतो. २०२२ ला एका जयंतीच्या कार्यक्रमात राखीव जागेवरच्या एका आमदाराला मी विचारलं, "साहेब, कुणाला देणार?" ते म्हणाले, "पक्षाचा आदेश येईल तसं." मी म्हटलं, "आदेश काढता येत नाही." ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं त्यांना खरंच माहीत नव्हतं. की मला कसं माहीत, याचं नवल वाटलं असेल.

मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ ला संपते. नावं पुन्हा निघतील. उभं राहायचं तर ५० सूचक, ५० अनुमोदक आणि १५,००० रुपये अनामत लागते. तेव्हा आपल्यातला कुणी आपण उभा करू, हे स्वप्न मी दाखवत नाही. पण या आमदारांना मतदानाआधी वस्तीत बोलावता येतं. बुद्धविहारात, ओट्यावर, कुठंही. आणि उमेदवाराला त्यांच्यामार्फत प्रश्न पाठवता येतात. अनुसूचित जाती आयोग कलम ३३८ खाली आपला अहवाल राष्ट्रपतीला देतो. तो संसदेसमोर कधी ठेवणार? १९५० च्या आदेशातलं धर्माचं कलम काढायला सरकारला लेखी विचारणार का? एकदा परत पाठवायची ताकद कुठल्या कागदासाठी राखून ठेवणार? जो उमेदवार यावर गप्प, त्याची जात मला सांगू नका.

मी गेल्या महिन्यात असे सहा प्रश्न कार्डावर लिहून आमच्या विहाराच्या भिंतीला लावले. दोन दिवसांनी कुणीतरी खाली पेन्सिलीनं सातवा लिहिला, "गोदीत पाय गेला तर हजेरी कोण लावणार?" अक्षर ओळखीचं आहे. आमच्या मुकादमाचं.